कॉर्सचा ‘होम’ कसा ऐकावा

कॉर्सची ‘ब्रेथलेस’ आणि ‘रनअवे’ ही गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांचा ‘होम’ हा अल्बम धड ऐकलेला नसतो. ऐकला असला तरी एकदाच, स्वयंपाक करता करता नाहीतर गाडी चालवताना, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यावर बंद केलेला. मला याचं वाईट वाटतं. कॉर्स या आयरिश भावंडांच्या बँडचे सगळे अल्बम माझ्याकडे आहेत आणि त्यांतला मी सर्वांत जास्त लावते तो हाच, २००५चा, त्यांचा बहर ओसरल्यानंतरचा.

मी सांगलीत व्हायोलिनचे क्लास घेते. शिकले हिंदुस्थानी पद्धतीने आणि शिकवतेही तेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केबलवर या बँडची व्हायोलिनवादक शॅरन कॉर दिसली. मांडी घालून नाही, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून नाही, तर उभी राहून, गायिकेच्या खांद्याला खांदा लावून वाजवणारी. त्या गाण्यात व्हायोलिन शोभेला ठेवलेलं नव्हतं, चालीचा जीवच त्यात होता. तेव्हापासून हा बँड माझा झाला. क्लासमधल्या मोठ्या मुलांना मी ‘होम’ ज्या पद्धतीने ऐकवते, तीच इथे मांडते आहे. ऐकायला वाद्य यायलाच हवं असं नाही, पण घरात हार्मोनियम असेल तर ती बाहेर काढून ठेवा, पुढे लागेल.

आधी अपेक्षा बदला

थोडा पूर्वेतिहास ठाऊक असला की अर्धं काम होतं. जिम, शॅरन, कॅरोलाइन आणि मुख्य गायिका अँड्रिया ही कॉर भावंडं डंडॉकची. आयर्लंडच्या लाउथ परगण्यातलं, डब्लिन आणि बेलफास्टच्या मधलं, सरहद्दीजवळचं हे गाव. आई जीन आणि वडील जेरी हे दोघंही गाणारे-वाजवणारे. त्यांचा स्वतःचा बँड होता आणि आसपासच्या पबमध्ये ते लोकप्रिय गाणी सादर करत. मुलं १९९०मध्ये एका चित्रपटाच्या ऑडिशनच्या निमित्ताने बँड म्हणून उभी राहिली. पहिला अल्बम ‘फर्गिव्हन, नॉट फर्गॉटन’ १९९५चा.

ब्रिटनमध्ये खरा भडका उडाला १९९८मध्ये. १७ मार्च, सेंट पॅट्रिक्स डे, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, पाहुणा म्हणून ढोलांवर फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा मिक फ्लीटवुड आणि बीबीसीवरून प्रक्षेपण. त्यानंतर ‘टॉक ऑन कॉर्नर्स’ त्या वर्षी ब्रिटनमधला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. १९९९मध्ये तिथल्या अल्बमच्या खपाच्या यादीत पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक एकाच वेळी यांचेच होते. २०००मध्ये ‘ब्रेथलेस’ पहिल्या क्रमांकावर गेलं.

या यशाच्या ऐन मध्यावर, नोव्हेंबर १९९९मध्ये, जीन कॉर गेल्या. फुफ्फुसाचा आजार होता, प्रत्यारोपणाची वाट पाहत होत्या. पुढच्या ‘इन ब्लू’मध्ये ‘नो मोअर क्राय’ हे गाणं आहे ते त्याच दुःखातून आलेलं. पण ते चकचकीत पॉप गाणं आहे, रेडिओवर चालेल असं. २००४च्या ‘बॉरोड हेवन’पर्यंत बँडची लाट ओसरत आली होती. मग २००५च्या सप्टेंबरमध्ये ‘होम’ आला. बँडला पंधरा वर्षं होत होती आणि त्या निमित्ताने त्यांनी स्वतःची नवी गाणी न करता आईच्या गाण्यांची वही उघडली. अल्बममधली बरीचशी गाणी त्या वहीतली आहेत. त्यानंतर पुढची दहा वर्षं बँडचा एकही नवा अल्बम आला नाही.

हा क्रम मी मुद्दाम सांगते. ‘होम’ ऐकताना ‘यातलं हिट कुठलं?’ असं विचारलंत तर हाती काही लागणार नाही. विचारायचं ते असं: हे कुणासाठी केलंय? बाजारासाठी केलेलं गाणं आणि घरातल्या माणसासाठी केलेलं गाणं यांचा श्वास वेगळा असतो. बाजारासाठीचं गाणं पहिल्या वीस सेकंदांत तुमची कॉलर धरतं. ‘होम’मधलं एकही गाणं तसं करत नाही. जिला यातली बरीचशी गाणी आधीच पाठ होती तिच्यासाठी ती आहेत. तिला पटवायचं काही नव्हतं, तिच्यासमोर नीट गायचं एवढंच होतं.

‘नवं काही सुचेना म्हणून लोकगीतं घेतली’ असं म्हणणारे भेटतात. हे मला अजिबात मान्य नाही आणि त्याचा पुरावा त्यांच्याच आधीच्या अल्बममध्ये आहे.

मागचा माग काढा

‘होम’ लावण्याआधी एक संध्याकाळ या तयारीला द्या. कॉर्सच्या प्रत्येक अल्बममध्ये हिट गाण्यांच्या सांदीत एखादी शब्दांविना, नुसती वाजवलेली रचना असते. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. तुम्ही फक्त त्याच ऐका. पहिल्या अल्बममधून ‘एरिन शोअर’ आणि ‘टॉस द फेदर्स’ घ्या, ‘टॉक ऑन कॉर्नर्स’मधून ‘पॅडी मॅकार्थी’, ‘इन ब्लू’मधून ‘रेबेल हार्ट’ आणि ‘बॉरोड हेवन’मधून ‘सिल्व्हर स्ट्रँड’. याच क्रमाने.

ऐकताना तीन वाद्यं ओळखायला शिका. शॅरनचं व्हायोलिन तर कळेलच. अँड्रिया वाजवते ती टिन व्हिसल, सहा भोकांची धातूची शिट्टीवजा छोटी बासरी, आवाज तीक्ष्ण आणि मोकळा. तिसरं बाउरान, कॅरोलाइनचं: डफासारखं एका बाजूने मढवलेलं. ते एका छोट्या दांडक्याने वाजवतात आणि दुसरा हात आतून चामड्यावर दाबून आवाज वरखाली करतात. त्या आतल्या हाताकडे कान ठेवा. बाहेरचा हात नुसता ठेका देतो, बोलतो तो आतला हात.

हे सगळं ऐकल्यावर लक्षात येतं की गावाकडचं संगीत या भावंडांच्या हातात पहिल्यापासून होतं. दहा वर्षं ते हिट गाण्यांच्या कडेकडेने चालत आलं आणि ‘होम’मध्ये मधोमध येऊन बसलं. अल्बमकडे या अंगाने आलात तर तो थकलेला वाटत नाही.

काय हवं, काय नको

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बाउरानचा खर्ज त्यातून येतच नाही आणि ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं एकमेकांत मिसळून धुकं होतं. हे तंतुवादन बीबीसीच्या कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राचं आहे आणि अल्बमच्या निम्म्या रंगाची जबाबदारी त्याच्यावर आहे. साधे वायरचे हेडफोन चालतील. शफल बंद करा. अॅपवर गाणं संपल्यावर आपोआप दुसरंच काही सुरू होत असेल तर तेही बंद करा.

बारा गाणी एका दमात ऐकायची नाहीत. मी तीन बैठका करते. दोन बैठकांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्या, म्हणजे चाली डोक्यात मुरतात.

पहिली बैठक: चार गाणी, शब्द न वाचता

सुरुवात ‘माय लॅगन लव्ह’, ‘स्पॅन्सिल हिल’, ‘पेगी गॉर्डन’ आणि ‘ब्लॅक इज द कलर’ या चारांनी. अल्बमचाही क्रम हाच आहे. पहिल्या वेळी बोल समोर घेऊ नका.

‘माय लॅगन लव्ह’मधली लॅगन ही बेलफास्टमधून वाहणारी नदी. चाल डोनेगॉलकडून हर्बर्ट ह्यूजने टिपलेली, शब्द जोसेफ कॅम्पबेलचे, आणि दोन्ही १९०४मध्ये छापून आले. परंपरेने हे गाणं ठेक्याविना गातात, आपल्याकडे आलाप जसा लयीच्या बंधनाबाहेर मोकळा सुटतो तसं. बँड मात्र वाद्यमेळ घेऊन बसलेला, म्हणजे त्यांना कुठेतरी वेळेचं भान ठेवणं भाग. तुम्ही ऐकायचं ते हे: अँड्रिया कुठल्या शब्दावर रेंगाळते आणि वाद्यं तिच्यासाठी कुठे थांबतात? जमल्यास शेजारी गायक व्हॅन मॉरिसनने चीफ्टन्स या आयरिश लोकसंगीताच्या बँडबरोबर १९८८मध्ये गायलेलं हेच गाणं ऐकून बघा. तो गाण्याशी झगडतो, अँड्रिया गाण्याच्या कलाने जाते. मला दोन्ही हवीत, पण या अल्बमच्या दारात अँड्रियाचंच शोभतं.

‘स्पॅन्सिल हिल’वर मात्र बैठक मारा. माझ्या मते अल्बमचा गाभा इथे आहे. शब्द न वाचता एकदा ऐका आणि मग गोष्ट समजून घेऊन पुन्हा लावा. क्लेअर परगण्यातलं हे ठिकाण घोड्यांच्या जत्रेसाठी नावाजलेलं. मूळ कविता मायकल कन्सिडाइन या तिथल्याच तरुणाची. १८७०च्या सुमारास तो अमेरिकेला गेला आणि परत न येता ऐन तरुणपणात कॅलिफोर्नियात वारला. गाण्यातला माणूस रात्री स्वप्न पाहतो. तारीख २३ जून, जत्रेचा आदला दिवस. तो गावी पोहोचतो, शेजारीपाजारी भेटतात. कोण आहे, कोण गेलं ते कळतं. क्विग्ली शिंपी भेटतो, जो लहानपणी त्याच्या विजारी शिवून द्यायचा. पहिली प्रीती भेटते. तो तिला जवळ घेतो, तेवढ्यात कोंबडा आरवतो आणि त्याला जाग येते ती कॅलिफोर्नियात, गावापासून कैक मैल दूर.

या गाण्यात मोठमोठी दुःखं नाहीत, शिंपी आहे. परगावी गेलेल्या माणसाला गावची देवळं-डोंगर आठवतात हे खरंच, पण गळ्यात हुंदका येतो तो शिंप्याच्या आठवणीने. माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅलिफोर्नियातच, फ्रीमॉन्टला असते. तिला हे गाणं पाठवलं होतं. तिचा निरोप आला, ‘बाई, गाणं फार सुंदर आहे, पण शेवटचं कडवं मी परत लावू शकत नाही.’

गाणारी माणसं हेही बघा. डंडॉकची ही मुलं जग फिरली, वर्षानुवर्षं हॉटेलांत राहिली, आणि ज्या बाईच्या वहीतून हा अल्बम निघाला ती आता घरी नाही. त्यांनी गाण्यात यातलं काहीही वेगळं सांगितलेलं नाही. अँड्रिया शब्द जवळजवळ बोलल्यासारखे टाकते, कुठेही गळा काढत नाही. रडवायचं असेल तर रडू नये, हे आमचे गुरुजी करुण रसाबद्दल सांगत. ते तिला कुणी शिकवलं असेल कोण जाणे, पण तिला ते येतं.

‘पेगी गॉर्डन’साठी आधी ल्यूक केलीने डब्लिनर्स या आयरिश लोकगीतांच्या बँडबरोबर गायलेलं ऐका. भरदार मर्दानी आवाज, पबमधला. मग अँड्रियाचं. हे गाणं लावलेलं असताना माझ्या सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, ‘हिच्या घरी कुणी आजारी आहे का गं?’ त्यांना इंग्रजी येत नाही. चालीत प्रेमाची विनवणी आहे, पण आवाजातली काळजी त्यांनी अचूक ओळखली. शब्द न वाचता ऐका म्हणते ते याचसाठी.

‘ब्लॅक इज द कलर’ हे स्कॉटलंडकडचं मूळ असलेलं, अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरांत जगलेलं आणि पुन्हा आयर्लंडमध्ये रुजलेलं गाणं. मला यातली वाद्ययोजना जरा जास्त गुळगुळीत वाटते. निर्माता मिचेल फ्रूम, ज्याने क्राउडेड हाउस आणि सुझॅन व्हेगाबरोबर काम केलं तो. त्याने बाकी अल्बमभर हात बराच आखडता ठेवलाय. इथे तो थोडा सुटला असं माझं मत.

हार्मोनियम घ्या

ही पायरी ज्यांना सूर ओळखायची आवड आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी पुढे जायला हरकत नाही, पण मी म्हणेन थांबाच, कारण मराठी कानाला या संगीताचं दार इथून फार सहज उघडतं.

हार्मोनियमच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरा. पांढरी एकला सा धरून वर चढा: बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा). आता पट्ट्या त्याच, पण सा पांढरी दोनला धरा: काफी. पांढरी पाचला धरा: खमाज. पांढरी सहाला धरा: आसावरी. आयरिश पारंपरिक चाली बहुतांशी याच चार घरांत राहतात. कारणही साधं आहे. सहा भोकांच्या शिट्टीवर एकच स्वरसंच सहज निघतो, मग तीच भोकं ठेवून घर बदलायचं. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. तिकडे याचं शास्त्र न सांगता पोरं शिट्टी वाजवता वाजवता हे करतात.

आता ‘स्पॅन्सिल हिल’ लावून त्यातला सा शोधा, म्हणजे चाल जिथे येऊन विसावते तो सूर. गंधार कोमल मिळेल, निषाद कोमल मिळेल. प्रश्न उरतो धैवताचा. शुद्ध असेल तर काफीचं घर, कोमल असेल तर आसावरीचं. उत्तर मी सांगत नाही, कानाने शोधा. माझी मुलं यावर वाद घालतात आणि वाद घालता घालता गाणं पाठ होऊन जातं. ‘माय लॅगन लव्ह’मध्ये मात्र गंधार शुद्ध आणि निषाद कोमल, म्हणजे खमाजाकडचा रंग.

एक काळजी घ्या. थाट जुळला म्हणजे राग जुळला असं नाही. काफीचे सूर दिसले म्हणून काफी रागाची वळणं शोधू नका, ती तिथे नाहीत. त्यांचे अलंकार निराळे आहेत. व्हायोलिनवर ते ‘रोल’ घेतात: मूळ स्वर, वरचा, परत मूळ, खालचा, परत मूळ, इतक्या वेगात की एकच थरथर ऐकू येते. आमच्या मुरकीच्या जवळचं, पण मींड जवळजवळ नाहीच. शॅरनचं शिक्षण पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीचं, त्यामुळे तिचा स्वर लोकवादकांपेक्षा गोल आणि स्वच्छ लागतो. अस्सल लोकसंगीतवाल्यांना हे खटकतं. मला नाही खटकत. आईच्या वहीतलं गाणं मुलीने आपण शिकलेल्या हातानेच वाजवावं.

दुसरी बैठक: आयरिश भाषेतली गाणी

अल्बमवर दोन गाणी आयरिश भाषेत आहेत, ‘बुअखिल ओन एर्ने’ आणि ‘ब्रीद ओग नी व्हाल्ये’. उच्चार मराठीत नेमके उतरत नाहीत, हे जवळपासचे धरा. ऐकणारे बहुधा इथेच गळतात. ‘भाषा कळत नाही’ म्हणतात. पण यातल्या कितीजणांना तेलुगू येत होती जेव्हा त्यांनी त्यागराजांच्या कृती मन लावून ऐकल्या?

‘बुअखिल ओन एर्ने’ म्हणजे एर्नेकाठचा एक तरुण. तो मुलीला सांगतो की मला तुझ्याकडून हुंड्यात गाई नकोत, माझ्याकडे भरपूर आहे. चाल मात्र या फुशारकीला शोभेल अशी मुळीच नाही. इतकी संथ आणि हळवी की त्याच्या संपत्तीवर विश्वास बसत नाही. मला तर वाटतं त्याच्याकडे काहीच नसावं. हे मी क्लासात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग तर तो आणखी चांगला.’

दुसऱ्या गाण्यात ब्रीद नावाच्या तरुणीने पोळलेला प्रियकर तिच्याशी बोलतोय. तिच्या शांत, लाजऱ्या चेहऱ्यावर हजारो पुरुष भाळलेत आणि तो त्यांतला एक. याच बैठकीत ‘मूरलॉख शोअर’ही घ्या. ही चाल ऐकताना आधी कुठेतरी ऐकलंय असं वाटलं तर नवल नाही. ‘द फॉगी ड्यू’ हे आयर्लंडमधल्या १९१६च्या ईस्टरच्या ब्रिटिशविरोधी उठावावरचं प्रसिद्ध गाणं याच चालीवर गातात. एकाच चालीवर प्रीती आणि बंड दोन्ही. आपल्या पोवाडे-लावण्यांच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

ही तीन गाणी अंधार पडल्यावर, सगळी कामं आटोपून ऐका. दिवसा ती पातळ वाटतात.

तिसरी बैठक: उसनी गाणी आणि जिग

अल्बमवर तीन गाणी अशी आहेत ज्यांचे कर्ते अलीकडचे. ‘हार्ट लाइक अ व्हील’ कॅनडाच्या अॅना मॅकगॅरिगलचं, लिंडा रॉनस्टॅटने १९७४मध्ये गाजवलेलं. ‘डिमिंग ऑफ द डे’ इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्प्सनचं, १९७५चं. ‘ओल्ड टाउन’ थिन लिझी या आयरिश रॉक बँडच्या फिल लायनटचं, १९८२चं.

पहिली दोन गाणी पारंपरिक गाण्यांत बेमालूम मिसळलीत. विशेषतः ‘डिमिंग ऑफ द डे’, कारण इथे शॅरन गाते. अँड्रियाच्या आवाजाची सवय झालेल्या कानाला हा बदल लगेच जाणवतो. आवाज जरा खाली बसलेला, कमी घोटलेला, आणि म्हणूनच संध्याकाळच्या थकव्याचं हे गाणं तिला शोभतं. अल्बममधलं माझं सर्वांत आवडतं गायन हेच. वाजवणाऱ्या माणसाचं गाणं मला नेहमी ओळखू येतं. तो सूर शोधत नाही, बोट ठेवल्यासारखा थेट सुरावर उतरतो.

‘ओल्ड टाउन’ मात्र पहिल्या फेरीत गाळा, असा माझा सल्ला. गाणं उत्तम आहे, डब्लिनच्या रस्त्यांचं आहे, आणि कॉर्सनी ते १९९९च्या ‘अनप्लग्ड’मध्येही गायलंय. पण इथे ते आलं की खोलीतले दिवे एकदम लागल्यासारखे होतात. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा जागच्या जागी ऐका. तोवर आसपासच्या गाण्यांचा अंधार तुम्हाला पुरता ओळखीचा झालेला असेल.

आता शेवटचं, ‘हेस्ट टू द वेडिंग’. लग्नाला चला म्हणणारी, अठराव्या शतकापासून वाजत आलेली जिग, म्हणजे नाचाची एक चाल. ही नुसती ऐकायची नाही, मोजायची. जिग सहाची असते, तीन-तीनच्या दोन गटांत, म्हणजे आपला दादराच. मांडीवर हात ठेवा आणि ‘धा धी ना, धा ती ना’ सुरू करा. जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. लय द्रुत आहे, म्हणून आधी सावकाश बोल पाठ करा, मग गाण्याबरोबर धरा. एक आवर्तन म्हणजे सहा मात्रा. चालीचे दोन भाग. पहिला भाग आठ आवर्तनांचा, तो दोनदा. दुसरा आठ आवर्तनांचा, तोही दोनदा. बत्तीस आवर्तनांनी चाकोरी पूर्ण होऊन चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुसरा भाग सुरू होतो तो क्षण पकडणं ही खरी परीक्षा. चाल एकदम वर उडी घेते. ती उडी तुमच्या टाळीवर आली की समजा जमलं. मुलं आधी जवळपास नेहमीच घाई करतात, कारण वेग ऐकून हात पळतो. त्यांना मी व्हायोलिनकडे कान न देता बाउरानकडे द्यायला सांगते. व्हायोलिन नाचवतं, पण हिशेब बाउरानकडे असतो. हाच हिशेब घेऊन मागे जा आणि ‘ओल्ड हॅग’ ऐका. तीही जिगच आहे, तिथे हात आपोआप बसतो. मग आपल्या पहिल्या संध्याकाळचं ‘टॉस द फेदर्स’ लावा आणि सहा मोजायचा प्रयत्न करा. बसणार नाही, कारण ते रील आहे, म्हणजे चारांच्या हिशेबाची नाचाची चाल. जिग आणि रीलमधला फरक व्याख्या वाचून कळायला वेळ लागतो, असा हात अडखळला की लगेच कळतो.

नंतर काय

तीन बैठका झाल्या की एकदा सगळा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, ‘ओल्ड टाउन’सकट, न थांबता ऐका. या वेळी बोल समोर ठेवायला हरकत नाही. ज्यांच्याकडे घरातल्या मोठ्यांची गाण्यांची वही आहे, त्यांनी ती या दिवसांत जरूर काढावी. कागद जुना असेल तर फोनने पानांचे फोटो काढून ठेवा. आणि गाणारं माणूस हयात असेल तर नुसते शब्द उतरवून थांबू नका, चाल ध्वनिमुद्रित करा. पंख्याचा आवाज बंद करून, फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवून. शब्द वहीत राहतात, चाल राहत नाही.

कॉर्स २०१५मध्ये ‘व्हाइट लाइट’ घेऊन परतले आणि २०१७मध्ये ‘ज्युपिटर कॉलिंग’ आला. ‘होम’नंतर क्रमाने ‘व्हाइट लाइट’ लावायचा मोह होईल, पण आधी ‘ज्युपिटर कॉलिंग’ ऐका. निर्माता टी बोन बर्नेट, आणि ध्वनी असा की माणसं एका खोलीत बसून वाजवतायत हे कळतं. ‘होम’ने कानाला लावलेली सवय त्यात मोडत नाही. ‘व्हाइट लाइट’ पुन्हा मोठ्या रंगमंचाकडे तोंड करून उभा आहे. तो चांगला आहे, पण मधे आठवडाभर जाऊ द्या.